दिवाळीत स्वतःच्या छंदासाठी काय घ्यावं? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात चार छंद नांदतात. मी पक्षी बघते आणि जलरंगात चित्रं काढते, ह्यांना जुन्या नाण्यांचं वेड आहे आणि मुलगी आकाशदर्शनात रमलेली असते. दसरा उलटला, सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे बोनस जमा व्हायला लागले, की आमच्याकडे फोन सुरू होतात: कुठली दुर्बीण घेऊ, रंग कुठले घेऊ, टेलिस्कोप आत्ताच घेऊ की थांबू. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

घरात सगळ्यांचे कपडे, फराळ, पाहुणे, भाऊबीज. त्यात स्वतःच्या छंदावर खर्च करणं बरं दिसतं का?

दिसतं. वर्षभर आपण घरासाठी राबतो आणि रविवारचे तीन तास ज्या गोष्टीत जातात त्यावर आठवडा निघतो. त्या तीन तासांसाठी वर्षातून एकदा काही घेतलं तर ती चैन म्हणता येणार नाही. फक्त घरात आधी सांगून घ्या. रक्कम ठरवा, ती वेगळी काढा आणि तिच्या आतच राहा. आमच्याकडे वसुबारसेच्या आधी चौघं बसतो आणि ज्याने त्याने आपली गरज मांडायची असते. यंदा कुणाची पाळी मोठी आणि कुणाची लहान, हे तिथेच ठरतं. लपवून आणलेली वस्तू वापरतानाही लपवावी लागते, आणि मग छंदातली मजा जाते.

घ्यायचं आहे, पण काय घ्यायचं तेच ठरत नाही. सुरुवात कुठून करू?

गेल्या वर्षभरात तुमचं कुठे अडलं, ते आठवा. काय आवडलं, कुणाकडे काय पाहिलं, हे सध्या बाजूला ठेवा. अडलं कुठे, एवढंच. मी पक्ष्यांच्या नोंदवहीचं शेवटचं पान यासाठीच राखून ठेवते. गेल्या वर्षीच्या पानावर होतं: ‘गंगापूर धरण, पहाटे, बोटं गारठली, पेन्सिल धरवेना.’ ‘चष्म्यामुळे दुर्बिणीत कडा काळ्या दिसतात.’ ‘वही भिजली.’ पुन्हा खाली: ‘वही भिजली.’ दुकानात मला नवी तिपाई खुणावत होती, पण पानावर तिपाईचा उल्लेखही नव्हता. मी बोटं उघडी राहणारे हातमोजे आणि पाण्याने न बिघडणारी वही घेतली. दोन्ही मिळून एका साडीहूनही कमी पैशांत आले आणि हिवाळाभर दर रविवारी कामी आले.

तुमच्याकडे असं पान नसेल तर शेवटच्या पाच फेऱ्या किंवा पाच बैठका आठवून आत्ता लिहा. एकच तक्रार दोनदा आली, तर तुमची खरेदी ठरली.

पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केली आहे. आधी कॅमेरा घेऊ की दुर्बीण?

दुर्बीण. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. कॅमेरा हातात आला की डोळा पडद्यावर जातो आणि पक्षी निघून जातो. दुर्बिणीतून तुम्ही त्याचं वागणं बघता: पाण्यात चोच कशी फिरवतो, उडताना पाय कुठे ठेवतो, जोडीदाराशी कसा वागतो. ओळख पटते ती यावरून. शिवाय दूरचा पक्षी टिपणारी लेन्स चांगल्या दुर्बिणीच्या कितीतरी पट महाग असते.

आपल्याला वेळही नेमकी साधते. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९१३ या काळात गोदावरीवर बांधला, कादवेच्या संगमाजवळ. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली आणि तिथे पक्षी उतरू लागले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. थंडीचे पाहुणे येऊ लागतात ते दिवाळीच्या सुमारास, आणि फेब्रुवारीपर्यंत तिथे गर्दी असते. म्हणजे धनत्रयोदशीला घेतलेल्या दुर्बिणीला पुढे सलग चार महिने काम आहे. हीच दुर्बीण मे महिन्यात घेतली तर पाऊसभर कपाटात राहील.

पक्षी ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे ॲप फुकट आहे, आवाजावरूनही पक्षी सुचवतं. त्यावर पैसे खर्च करायला नकोत. मात्र ते सुचवेल त्यावर डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय नोंद करू नका.

८×४२, १०×५०, ७×५० हे आकडे काय सांगतात? मोठा आकडा चांगला ना?

पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. डोळ्यापाशी पोचणारा प्रकाशाचा गोल इतक्या मिलिमीटरचा असतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण पाचच्या आसपास. म्हणून माझ्या वयाला ७×५० मधला सात मिलिमीटरचा गोल निम्मा वायाच जातो, आणि ८×४२ बरोबर बसते.

पट वाढवली की दोन गोष्टी बिघडतात. हाताचा कंप तितक्याच पटीने वाढतो आणि दिसणारा पट्टा आक्रसतो. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून तलवार बदकांचा थवा उठला की ८ पटीच्या दुर्बिणीत तो सापडतो. १० पटीत नवखा माणूस आकाशच शोधत बसतो. पक्ष्यांसाठी ८×४२ घ्या. पक्षी आणि तारे दोन्ही बघायचे असतील आणि हात स्थिर असेल तर १०×५० चा विचार करा. दहा-बारा हजारांच्या आसपास ८×४२ चांगली मिळते. त्याहून पुष्कळ कमी असेल तर नीट तपासा.

‘१० ते ३० पट झूम’ अशी स्वस्त दुर्बीण माझी पहिली खरेदी होती. ३० पटीवर सगळं काळपट आणि थरथरतं दिसायचं, आणि सहा महिन्यांत दोन्ही नळ्यांतली चित्रं एकमेकांपासून सरकली. पंधरा मिनिटं बघितलं की डोकं दुखायचं. पक्षी बघणं मला जमत नाही असंच मी तेव्हा धरून चालले होते, आणि जवळजवळ वर्षभर गेलेच नाही. झूमवाली दुर्बीण घेऊ नका हे मी इतकं कळकळीने सांगते ते याच कारणाने.

दुकानात दुर्बीण कशी तपासायची?

काउंटरवर बघू नका, दाराबाहेर या. दूरच्या विजेच्या खांबावर नेम धरा आणि तार एकच दिसते का ते बघा. दोन दिसल्या, किंवा एक करायला डोळ्यांना ताण पडला, तर ती परत द्या. मग दुर्बीण हात लांब करून उजेडाकडे धरा: डोळ्यापाशी दिसणारे प्रकाशाचे गोल पूर्ण गोल हवेत. कडा चौकोनी, करड्या दिसल्या तर आतल्या लोलकांची काच हलकी आहे. चष्मा असेल तर तो घालूनच बघा. डोळा आणि दुर्बीण यांच्यात किमान १५ मिलिमीटर अंतर चालेल अशीच निवडा, नाहीतर माझ्या वहीतल्यासारख्या काळ्या कडा नशिबी येतात. उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून दोन्ही डोळे जुळवून घ्यायला विसरू नका, बरेच जण विसरतात आणि दुर्बिणीला दोष देतात. शेवटी पाच मिनिटं गळ्यात अडकवून उभे राहा. सहाशे-सातशे ग्रॅम हातात काही वाटत नाहीत, मानेला तासाभरात कळतात.

टेलिस्कोप घ्यायचा आहे. कुठला?

आधी दुर्बीण, मग टेलिस्कोप, असं माझी मुलगी सगळ्यांना सांगते. दुर्बिणीतून कृत्तिका झगमगतात, चंद्राची विवरं दिसतात, नोव्हेंबरच्या काळोख्या रात्री देवयानीतली दीर्घिका धुरकट डागासारखी सापडते. तिपाईवर घट्ट बसवली तर गुरूचे चंद्रही दिसतात. शनीची कडी बघायला मात्र पंचवीस-तीस पट लागते, तिथे टेलिस्कोपच हवा.

खोक्यावर ‘५२५ पट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर ते खोकं खाली ठेवा. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दोनाने गुणा, त्याच्या पलीकडे उपयोगी पट जात नाही. साठ मिलिमीटरचा टेलिस्कोप म्हणजे फार तर १२०. डळमळीत तिपाईवर तेवढंही मिळत नाही. सहा इंची आरशाचा, लाकडी बैठकीवर फिरणारा डॉब्सोनियन हा पहिला टेलिस्कोप म्हणून उत्तम. पण तो पंधरा-वीस किलोचा असतो. तिसऱ्या मजल्यावरून तो कोण उतरवणार आणि त्र्यंबक किंवा पेठच्या बाजूला कोण नेणार, हे ठरवूनच घ्या.

लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, म्हणजे आकाश काळोखं, पण शहरावर फटाक्यांचा धूर. त्या दोन-तीन रात्री नाशकात काही दिसलं नाही म्हणून टेलिस्कोप परत करू नका. गावी जात असाल तर सोबत न्या.

जुन्या नाण्यांचा छंद आहे. दिवाळीत एखादं दुर्मीळ नाणं घ्यावं का?

इथे ह्यांचं ऐका. ते म्हणतात, नाण्याच्या आधी काटा घ्या. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आणि दहापट भिंग, दोन्ही मिळून एका बऱ्या नाण्याच्या किमतीत येतं आणि पुढची फसवणूक टळते. राणीछाप रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम. झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल. पण साडेनऊ ग्रॅम भरला, किंवा लोहचुंबकाला चिकटला, तर तो चांदीचा नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयांत साधारण ९२ टक्के चांदी असे, १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चे रुपये निकेलचे. तेव्हा सत्तेचाळीसचा रुपया चुंबकाला चिकटला तर घाबरू नका, तो तसाच असतो.

रामदरबाराची, धनुष्यबाणाची मोठी नाणी ‘पाचशे वर्षं जुनी’ म्हणून दाखवतात. ते रामटंके आहेत, पूजेत ठेवायचे. पुष्कळसे अलीकडचेच. श्रद्धेने जरूर ठेवा, प्राचीन नाणं म्हणून पैसे मोजू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे घासणं. दिवाळीची भांडी पितांबरीने घासताना ओघात नाणीही घासली जातात. आमच्याच नात्यातल्या एका घरी आजोबांच्या पेटीतले चाळीस रुपये असे चकाचक झाले. शंभर वर्षांची काळसर झिलई एका दुपारी गेली, आणि संग्राहकांच्या लेखी किंमतही. नाणं जसं मिळालं तसं ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचे अल्बमही टाळा, त्यातल्या पीव्हीसीमुळे नाण्यांवर हिरवा चिकट थर चढतो. पुठ्ठ्याच्या चौकटीतली पारदर्शक पाकिटं घ्या. दिवाळीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भेट हीच आहे.

नाशिकच्या माणसाला तर या छंदात विकत न घेताही पुष्कळ मिळतं. जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची खूण उमटलेली आहे, आणि हे सगळं आपल्या गोदेकाठी सापडलं. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, १९८० पासून. एखादा दिवस तिथे घालवा आणि मग काय जमवायचं ते ठरवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून पोस्टाने पाठवायचा बेत असेल तर सोडून द्या.

जलरंगांचा मोठा सेट घ्यावा का?

नको, कागद घ्या. मी चार वर्षं साध्या कागदावर चांगले रंग वापरत होते आणि आकाश काही केल्या एकसारखं उतरत नव्हतं. पाणी घातलं की कागद फुगायचा, रंग खड्ड्यांत साचायचा. मग कापसाच्या लगद्याचा ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) कागद आणला, तोच ब्रश, तोच निळा, आणि रामकुंडावरची सकाळ पहिल्यांदा ओली दिसली. ज्यांनी नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांचे गोदाघाट पाहिले आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल: घाटाचा दगड रंगाने जेवढा दिसतो तेवढाच न रंगवलेल्या कोऱ्या कागदाने दिसतो.

रंग घ्यायचेच असतील तर चोवीसचा डबा सोडून चांगल्या प्रतीच्या चार-पाच सुट्या ट्यूब घ्या. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो, अल्ट्रामरीन निळ्याचा पीबी २९. एकाच ट्यूबवर असे तीन-तीन क्रमांक असतील तर तो मिश्रणाचा रंग, दुसऱ्यात मिसळला की मातकट होतो. असा रंग आपल्याला घरी बनवता येतो.

ट्रेकिंग आणि सायकलिंगवाल्यांनी काय घ्यावं?

ट्रेकला बूट. हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर किंवा १,५६७ मीटर उंचीच्या साल्हेरवर तळव्याची पकड महत्त्वाची, बाकी सगळं नंतर. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचे मोजे घालूनच बघा आणि उतारावर अंगठा पुढे आपटत नाही ना ते पायरीवरून उतरून तपासा. बूट असतील तर कपाळावरची विजेरी.

सायकलचं म्हणाल तर, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. त्यांचं नाव निघालं की मन महागड्या सायकलीकडे धावतं. पण आहे ती सायकल आपल्या मापाची करून घ्या, सीटची उंची आणि हँडलचं अंतर बसवून घ्या, आणि मागचा तांबडा दिवा घ्या. त्र्यंबक रोडला पहाटे धुकं असतं.

ऑनलाइन घ्यावं की नाशकातच?

डोळ्याला, पायाला, हाताला लागणारी वस्तू दुकानात जाऊन घ्या: दुर्बीण, बूट, ब्रश. कागद, वह्या, नाण्यांची पाकिटं कुठूनही. मेनरोड, महात्मा गांधी रोडला दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदाराला बोलायला फुरसत नसते, म्हणून दसऱ्यानंतर लगेच, सकाळी जा.

हप्त्यांवर घेऊ का?

छंदाच्या वस्तूला मी हप्ते घेत नाही. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा व्याजाइतकी सूट आधी दिलेली असते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क आपल्याच खात्यातून जातं. रोख घेतली तर किंमत किती, हे आधी विचारा.

व्याजाचं निघालं की हे आम्हाला पांडवलेण्यांची गोष्ट सांगतात. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले, २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण टक्क्याने, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च चालायचा. व्याजाचा दर दगडात कोरून सगळ्यांसमोर ठेवलेला आहे. आपणही हप्त्याचा कागद सही करण्याआधी तितकाच स्पष्ट मागून घ्यावा.

वापरलेली वस्तू चालेल का?

टेलिस्कोप, तिपाई, सायकल चालेल. बूट नको. दुर्बीण आणि लेन्स घेताना आतून मोबाईलच्या उजेडाने बघा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी नको.

माझ्या दुसऱ्या दुर्बिणीला ती लागली होती, एकाच पावसाळ्यात, चामडी पिशवीत बंद ठेवल्यामुळे. आता मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते. नारंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की ते हिरवं होतं आणि तापवून वाळवलं की पुन्हा नारंगी. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही तापवू नका.

घरचे विचारतात, ‘पाडव्याला काय हवं?’ साडी नको म्हटलं तर वाईट वाटतं.

वाईट वाटू देऊ नका, पण नेमकं सांगा. ‘काहीतरी चित्रकलेचं आणा’ म्हटलं तर चोवीस रंगांचा डबा येतो. मी चिठ्ठीवर लिहून देते: कागदाचा आकार, वजन, किती ताव. ह्यांनी पहिल्यांदा पाडव्याला ओवाळणीच्या ताटात कागदाची गुंडाळी ठेवली तेव्हा सासूबाई दोन मिनिटं बघतच राहिल्या. संध्याकाळी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘माझं भरतकाम कुठे ठेवलंय गं?’ भाऊबीजेला मी त्यांच्यासाठी भरतकामाची गोल चौकट आणि रेशमी लडी आणल्या.

यंदा हात तंग आहे. काहीच घेता येणार नाही.

सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४० पासूनची संस्था आहे, पक्ष्यांपासून नाण्यांपर्यंत वाचायला मिळेल. बाकी दुर्बीण शेजाऱ्याची मागा. आम्ही देतो.

नवी वस्तू घेऊन पहिल्यांदा कुठे जाऊ?

भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला. निफाडमार्गे जा, पहाटे पाचला नाशिक सोडा म्हणजे उजाडताना चापडगावला पोचाल. पांढरे, भडक कपडे नकोत. फराळाचा चिवडा डब्यात न्या, पिशवीत नको, कारण मनोऱ्यावर प्लास्टिकचा कुरकुर आवाज दूरवर जातो. पहिला अर्धा तास धुकंच असतं आणि काही दिसत नाही, तेव्हा परत फिरू नका. आधी जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट ऐकू येतो. मग पाणी दिसायला लागतं, आणि त्यावर केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी.